कागद अडकला आहे

आमचें घर हिंगोलीचें. 1948 च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली, तोंपर्यंत येथील कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. घरांत मराठी आणि कचेरींत उर्दू असा दुहेरी संसार आमच्या आजोबांनीं निमूटपणें केला. त्याच घरांत तसला संसार पुढें आमच्या वहिनींच्या वांट्यास आला. उर्दूच्या जागीं इंग्रजी आली, एवढाच काय तो फरक.

थोरले बंधू अकालीं गेले व वहिनींना अनुकंपा-तत्त्वावर एका कार्यालयांत लिपिकाची जागा मिळाली. 2001 सालीं सुरू झालेली एमएस-सीआयटीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. अडचण आली ती यंत्र बिघडलें तेव्हां. पहिल्याच पावसाळ्यांत प्रिंटर बंद पडला. त्यांनीं नांदेडच्या कारागिरास फोन लावला, तर पलीकडून प्रश्न आला, "मॅडम, एरर काय येतोय?" वहिनी गप्प. शेजारच्या टेबलावर कोणीसें हंसलें, आणि त्यांनीं फोन ठेवून दिला. त्या रात्रीं त्या आम्हांस म्हणाल्या, "भावजी, काम मला येतं; पण काम अडलं म्हणजे काय अडलं तें सांगतां येत नाही."

तेव्हांपासून जेवणें आटोपल्यावर एक वही घेऊन आमची शाळा भरूं लागली. मंडळींची करमणूक झाली ती निराळीच. 'मशीन हँग झालं' हें ऐकून आत्याबाईंनीं "फाशी कुणाला दिली ग?" म्हणून विचारलें, आणि 'फाइल करप्ट झाली' हे शब्द कानीं पडतांच काका वर्तमानपत्रांतून डोकें काढून म्हणाले, "आतां फायलीच पैसे खाऊं लागल्या काय?"

आम्ही पडलों शुद्धीचे अभिमानी. प्रिंटरला 'मुद्रक' म्हणावें असें आम्हीं सुचविलें. वहिनींनीं शांतपणें विचारलें, "नांदेडला कळेल का?" आम्ही निरुत्तर झालों. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचलेल्या राज्यव्यवहारकोशांत फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी 'कागद' आणि 'दफ्तर' आपल्या घरांतून कांहीं गेले नाहींत!

पण एकेका शब्दाचा अर्थ शोधूं लागल्यावर आमचाच एक भ्रम फिटला. या शब्दांत विद्वत्ता अशी कांहींच नाहीं. हातांतल्या शेपटीवाल्या वस्तूस त्यांनीं उंदीर म्हटलें. 'जॅम' म्हणजे अडकून बसणें, 'क्रॅश' म्हणजे आदळणें. दोषाला 'बग', म्हणजे किडा, असें एडिसननें 1878 च्या एका पत्रांतच म्हटलें होतें. पुढें 9 सप्टेंबर 1947 रोजीं हार्वर्डच्या मार्क-टू या गणकयंत्रांत खराच एक पतंग सांपडला, तो तेथील लोकांनीं नोंदवहींत चिकटवून ठेवला. ज्यांची ही भाषा, ते आपल्या घरांतलीच बोली बोलत होते. मग आमच्या वहिनींनीं स्वयंपाकघरांतली बोली कां बोलूं नये?

गेल्या भाद्रपदांत प्रिंटर पुनः अडला. वहिनींनीं फोनवर सांगितलें, "दादा, कागद अर्धा बाहेर आलाय, अर्धा आंतल्या रुळाने गिळलाय. ओढला तर फाटेल असं दिसतं. लाल दिवा लुकलुकतोय." पलीकडचा मनुष्य म्हणाला, "बास मॅडम, समजलं. पेपर जॅम आहे. आधी बटन बंद करा, मागचं झाकण उघडा, दोन्ही हातांनी हळू सरळ ओढा." पांच मिनिटांत काम झालें, नांदेडहून कोणास यावें लागलें नाहीं.

सायंकाळीं पदरावर टोनरची काळी भुकटी घेऊन वहिनी घरीं आल्या. ऊन पाण्यानें ती अधिकच घट्ट बसते, म्हणून त्या थंड पाण्याची बादली भरूं लागल्या. आत्याबाईंनीं विचारलें, "आज काय झालं ग?"

"पेपर जॅम," वहिनी म्हणाल्या, आणि लगेच हंसून, "कागद अडकला होता."