झानकाठची दैनंदिनी : पवनचक्क्यांच्या गावी मुक्काम

सोमवार, रात्र

पोचले. पाय दुखताहेत, तेव्हा आज फक्त हिशोब.

आम्स्टरडॅम सेंट्रल ते झानडाइक, लोकल : ५ युरो. प्रवास सतरा-अठरा मिनिटांचा, गाडीची वाट पाहणं पन्नास मिनिटांचं. रुळांचं काम चालू होतं.
कॉफी : ४.
स्टेशनवरचं स्वच्छतागृह : १.
ब्रेड, चीज, टोमॅटो, दही, केळी : १२.
पुलावर खोळंबा : वीस मिनिटं. नदीतून मालाची बोट आली की यूलियाना पूल उघडतो आणि दोन्हीकडची माणसं, सायकली, गाड्या उभ्या.
वारा : अखंड. उद्या कानटोपी घ्यायची.

युरोला शंभर रुपये धरले तर कॉफी चारशे रुपयांची झाली. तीही कोमट.

स्टेशनातून बाहेर पडले आणि कोकोचा दाट, किंचित करपट वास आला. जवळच कोको दळण्याचा मोठा कारखाना आहे. चित्रातल्यासारखं गाव पाहायला यावं आणि स्वागताला कारखान्याचा वास यावा, हे मला फार आवडलं. का ते उद्या लिहीन.

आम्स्टलवेनहून भाचीचा फोन. "मावशी, तिथे दोन तास पुष्कळ होतात. सगळे तेवढंच थांबतात." म्हणूनच नदीच्या अलीकडे झानडाइकमध्ये खोली घेतली आहे. मला घाईत काही पाहता येत नाही.

मंगळवार, रात्री अकरा

साडेआठलाच पूल ओलांडून झान्से स्खान्स या पवनचक्क्यांच्या गावात गेले. दुकानं बंद, गिरण्यांची दारं बंद, पण वाटा सगळ्यांना मोकळ्या. दहानंतर बसगाड्या यायला लागल्या. अकरा ते चार इथे चालणं म्हणजे दुसऱ्याच्या फोटोतून वाट काढणं. त्यात वारा. कॉफी पुन्हा ४.

बसमधून उतरणाऱ्याला वाटतं, हे तीनशे वर्षांपूर्वीचं खेडं जसंच्या तसं राहिलं आहे. तसं नाही. झान नदीच्या काठी जागोजागी विखुरलेली आणि पाडली जाणार असलेली लाकडी घरं, कोठारं, गिरण्या १९६१ ते १९७४ या काळात उचलून इथे आणल्या. याप स्खिपर नावाच्या वास्तुरचनाकाराची ती योजना. लाकडाची घरं होती म्हणून हलवता आली. आणि लाकडाची होती कारण इथली जमीन भुसभुशीत, दलदलीची. विटांचं ओझं तिला झेपत नव्हतं. मला यात फसवणूक वाटत नाही. पाडून टाकण्याऐवजी माणसांनी घरं उचलून नेली, यापेक्षा मोठं प्रेम कोणतं?

पण "खेडं" हा समज मात्र मला पुसून टाकावासा वाटतो. झानकाठ हा कारखान्यांचा मुलूख होता. अठराव्या शतकात इथे सहाशेहून अधिक पवनचक्क्या चालत होत्या. तेल गाळायच्या, लाकूड कापायच्या, कागद करायच्या, रंग आणि तपकीर दळायच्या, मोहरी वाटायच्या, जव आणि तांदूळ सडायच्या. वाफेचं इंजिन येण्याच्या कितीतरी आधी हे सगळं वाऱ्यावर चालत होतं. कालच्या कोकोच्या वासाने मला बरं वाटलं ते यासाठी. इथला कारखाना अजून बंद पडलेला नाही.

दुपारचा सगळा वेळ "दे झुकर" या तेलगिरणीत गेला. गिरणी १६७२ ची, या जागी आणली १९६८ मध्ये. आत जवसाचं तेल निघतं. दारातच तो वास आला आणि मी थबकले. मी वर्ध्याची. आमच्याकडे जवसाच्या चटणीशिवाय भाकरी खाल्ली जात नाही. मगनवाडीत, जिथे १९३४ पासून गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचं काम चाललं, तिथे झवेरभाई पटेलांनी सुधारलेली बैलघाणी "वर्धा घाणी" म्हणून ओळखली गेली. तेव्हा घाण्यापुढे उभं राहून काय पाहायचं हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

इथली रीत आमच्या घाणीहून अगदी वेगळी. आमच्याकडे उखळात लाट फिरते आणि भरडणं-पिळणं एकाच जागी होतं. इथे कामं वाटून दिली आहेत. दगडी तळावर दोन अजस्र उभे दगड गोल फिरत जवस भरडतात. तो भुगा विस्तवावरच्या तव्यात पडतो. तिथे गिरणीच्याच जोरावर एक पातं तो हलवत राहतं, जळू देत नाही. कोमट झालेला भुगा लोकरीच्या पिशव्यांत भरून जाड लाकडी ठोकळ्यात उभा ठेवायचा, शेजारी लाकडी पाचर बसवायची, आणि वरून एक अवजड ओंडका त्या पाचरीवर आदळत राहतो. धाड, धाड, धाड. पाचर बोटाबोटाने खाली जाते, पिशवी आवळली जाते आणि खालच्या भांड्यात तेलाची पिवळीधमक धार लागते. दाब पुरेसा झाला की दुसरा ओंडका उलट्या पाचरीवर सोडायचा. सगळं सैल होतं. पिशवीतून पेंड निघते, फरशीसारखी कडक. ती पुन्हा कुटून दुसऱ्यांदा पिळायची, मग गुरांना.

आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. तेलगिरणीतली माणसं हमखास बहिरी होत, असं गिरणीवाल्याने कानाशी ओरडून सांगितलं. हे मला बाहेरच्या सगळ्या फोटोंपेक्षा मोलाचं वाटलं. ज्या गिरण्यांची चित्रं चिनी मातीच्या ताटल्यांवर रंगवून विकतात, त्यांनी माणसांचे कान घेतले आहेत.

गिरणीवाल्याने पेंडेचा एक तुकडा हातावर ठेवला. खाऊन पाहिला. कोरडा, कडवट, पण चव तीच, घरची. हात रात्रीपर्यंत तेलकट राहिले, धुवावेसेच वाटेनात.

तिकीट : ६ युरो. आत होते अडीच तास. माझ्यासमोर लोक आले, वर चढले, फोटो काढून पाच मिनिटांत गेले.

बुधवार

पाऊस. आडवा.
छत्री मोडली. नवी : १४ युरो.
पूल : दोनदा खोळंबा, एकदा भर पावसात.
संग्रहालय : फेरकाडच्या जुन्या बिस्किट-चॉकलेटच्या यंत्रांचं दालन पाहिलं. कंपनी १८८६ ची, झानडॅमचीच. वाऱ्यानंतर वाफ, वाफेनंतर बिस्किटं. गाव तेच, धंदा चालूच.
वारा काही म्हणता काही थांबत नाही.
लवकर झोपते.

गुरुवार, रात्र

आज लाकूडगिरणी. "हेट योंगे स्खाप", म्हणजे कोकरू. १६८० ची गिरणी १९४२ मध्ये पाडली. पण अँटन सिपमन या जाणकाराने तिची मापं आणि आराखडे बारकाईने काढून ठेवले होते. त्या कागदांवरून ती २००७ मध्ये पुन्हा उभी राहिली. कुणीतरी मोजपट्टी घेऊन एका मरणाऱ्या गिरणीचा सांधा न् सांधा टिपून ठेवला, आणि सहा दशकांनी ती पुन्हा लाकूड कापू लागली. मोजून ठेवण्याच्या कामाला आपल्याकडेही असाच मान मिळायला हवा.

आत एक सत्तरीचे गृहस्थ होते, आधी सुतारकाम करत, आता स्वयंसेवक. मी बराच वेळ तिथेच उभी आहे हे पाहून त्यांनी हाक मारली आणि मग तासभर सोडलं नाही. पाती फिरतात, वरचं दातेरी चाक फिरतं, ते एका वाकवलेल्या लोखंडी दांड्याला फिरवतं, आणि त्या दांड्याला टांगलेल्या करवतींच्या चौकटी खालीवर होतात. शिलाई मशीनचं चाक फिरतं नि सुई खालीवर होते, तेच तत्त्व. ओंडकाही आपोआप पुढे सरकतो. करवतीच्या दर फेरीला एक दातेरी चाक त्याला कणभर ओढतं. ही युक्ती कोर्नेलिस कोर्नेलिस्झून याची; त्याने १५९३ मध्ये तिचा हक्क मिळवला. तो आउटखीस्टचा. माझी लोकल इथून पुढे त्याच गावाला जाते. आम्स्टरडॅमच्या करवतकरी कारागिरांच्या संघाने पोटावर पाय येईल म्हणून या गिरण्यांना विरोध केला. झानकाठी असा संघ नव्हता, म्हणून धंदा इकडे आला. बाल्टिककडून आणि ऱ्हाइनमधून ओंडके यायचे, इथे कापले जायचे, इथेच जहाजं बांधली जायची. असल्या जहाजांच्या बळावर डच १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घालून बसले होते. वेंगुर्ल्याचं नाव या गृहस्थांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी ते मला वहीत लिहून द्यायला लावलं.

ओंडके गिरणीच्या मागे पाण्यात तरंगत ठेवतात, आतला चीक निघून जावा म्हणून. कापताना ओला भुसा पडतो, गार लागतो, त्याला आंबूस वास येतो.

मध्येच वारा वाढला. बोलणं अर्धवट टाकून ते बाहेर धावले, दोर ओढून पाती थांबवली, एकेका पात्यावर चढून शीड अर्धं गुंडाळलं, आणि परत येऊन तेच वाक्य पुरं केलं. मी रोज ज्या वाऱ्याला बोल लावते तो त्यांचा मालक आहे. आता वाऱ्याबद्दल तक्रार लिहिणार नाही.

गिरणी चालवायचं हे कौशल्य मरू नये म्हणून १९७२ मध्ये हौशी गिरणीकरांनी आपली संघटना काढली. रीतसर शिकून, परीक्षा देऊन लोक गिरणीकर होतात. २०१७ मध्ये युनेस्कोने या कारागिरीची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. इमारतीपेक्षा हातातल्या कसबाला मान मिळाला, हे योग्यच झालं. हात नसले तर गिरणी हे नुसतं लाकूड.

शुक्रवार

झानडॅम. आम्स्टरडॅमच्या दिशेने एक स्टेशन सोडून, पण पाय वळत नव्हते, थोडंच लिहिते.

रशियाचा पीटर झार १६९७ च्या ऑगस्टमध्ये जहाजबांधणी शिकायला इथे एका लोहाराच्या लाकडी घरात राहिला. बघ्यांनी इतकं भंडावलं की आठवड्याभरात आम्स्टरडॅमला निघून गेला. घर जपलं आहे, भोवती विटांची इमारत बांधून. कलंडलेल्या भिंती, बुटका पलंग. मोने १८७१ मध्ये इथे राहिला, पंचवीसेक चित्रं काढली. त्यांत गिरण्या आहेतच.

येताना पूल उघडला होता.

शनिवार, रात्र

आज गर्दीने कळस गाठला. या एवढ्याशा जागेत २०२४ साली २६ लाख माणसं येऊन गेली, आणि राहणारी घरं मोजकी, शंभरेक माणसांची. एका जोडप्याने खिडकीला नाक लावून आत पाहिलं. आत एक मुलगा जेवत होता. बाहेर "खासगी" अशी पाटी होती. मला फार वाईट वाटलं. प्रवेशशुल्क लावायचं चाललं आहे असं ऐकते. लावावं. आणि येणाऱ्याला किमान एका चालू गिरणीत अर्धा तास बसवावं.

संध्याकाळी घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलं. मोहरीचं सूप. त्यात डुकराचं मांस घालतात. त्यांनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात, नुसतं लोणी, कांदापात आणि साय घालून केलं. मोहरी अख्खीच राहिलेली, दाताखाली फुटणारी. जिभेवर आधी मऊ लागतं, मग नाकात चढतं. सोबत काळा ब्रेड. दोनदा वाढून घेतलं. आपल्याकडे मोहरी फोडणीत तडतडून संपते. इथे तिचंच जेवण.

खिडकीतून नदीपलीकडच्या गिरण्या दिसत होत्या. बाईंनी सांगितलं, थांबवलेल्या पात्यांनाही भाषा असते. वर येणारं पातं माथ्याला पोचायच्या किंचित आधी थांबवलं तर घरात आनंद : लग्न, बाळ. माथा ओलांडून उतरायला लागल्यावर थांबवलं तर शोक. २०१४ च्या जुलैमध्ये आम्स्टरडॅमहून निघालेलं प्रवासी विमान युक्रेनवर पाडलं गेलं, तेव्हा देशभरच्या गिरण्यांनी पाती शोकात थांबवली होती. बाईंच्या ओळखीचं एक कुटुंब त्या विमानात होतं. त्या दिवशी त्या नदीकाठी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. एवढं बोलून त्यांनी माझ्या पानात पुन्हा ब्रेड ठेवला. मी काय बोलणार? त्यांचा हात धरला.

रविवार

वारा पडला. सगळ्या गिरण्या उभ्या.

"दे काट" ही रंगगिरणी पाहिली. खाली जुन्या "काट"चं कोठार, वर "दे डाउनयाखर" नावाच्या दुसऱ्या गिरणीचा अष्टकोनी सांगाडा. १९६० मध्ये दोन्ही जोडून एक गिरणी केली. वाऱ्यावर चालणारी रंगगिरणी आता जगात हीच उरली आहे. खडू, रंगाची लाकडं, निळे-तांबडे रंगदगड इथे दळले जातात. चित्रकार आणि जुन्या चित्रांची डागडुजी करणारे ते घेऊन जातात. शेजारच्या गिरणीचं जवसतेल आणि इथली भुकटी एकत्र केली की झाला तैलरंग. रेम्ब्रांटच्या देशात तो कुठून यायचा ते इथे एका हाताच्या अंतरावर दिसतं.

वरच्या सज्जात एकटीच बसले. वारा नसल्यामुळे बसगाड्यांनीही लवकर पाठ फिरवली; पाती फिरत नाहीत, मग काय पाहायचं, असं कुणीतरी हिंदीत म्हणालं. मला मात्र आज शिडांच्या गाठी, दातेरी चाकांना फासलेलं मेण, लाकडी दात झिजला की तेवढाच बदलता येतो ती सोय, हे सगळं जवळून पाहता आलं. गिरणीकराला वेळ होता. एक बदललेला दात त्याने दाखवायला दिला. एका बाजूला बोटभर झिजलेला, गुळगुळीत.

भाचीसाठी जवसतेलाची छोटी बाटली घेतली. लाकूड तेलवायला, खायचं नाही, हे तिला दोनदा सांगायला हवं.

उद्या रॉटरडॅम, तिथून बोटीने किंडरडाइक. तिथल्या १९ गिरण्या बहुतेक १७४० च्या आसपासच्या, आणि त्यांचं काम एकच : सखल जमिनीतलं पाणी उपसून वरच्या कालव्यात टाकणं. त्यांना ना जवस लागे ना ओंडके. तिथे गिरणीकरांची कुटुंबं गिरणीतच राहत आली आहेत, चुलीपासून पाळण्यापर्यंत सगळं आत. ती घरं पाहायची आहेत. बोटीचं वेळापत्रक अजून पाहायचं आहे.