टोचन

मुनीम म्हणाला, इंजिनात काही नाही, ड्रायव्हरला घाट चढायचा कंटाळा आहे. पंख्याखाली बसून म्हणाला. आवाज घाटात होता, आणि मुनीम कधी घाटात आला नव्हता.

पुसदहून वाशीमकडं जाताना खंडाळा घाट लागतो. तिथं जिनाचा एक जुना ट्रक गाठी भरून बंद पडलेला. रुईची एक गाठ १७० किलोची. पन्नास गाठी म्हणजे साडेआठ टन, ट्रकचं वजन वेगळंच. आम्ही दुसरा रिकामा ट्रक घेऊन टोचन करायला गेलो. मागच्याचं इंजिन बंद, म्हणजे हवा नाही. हवा नाही, म्हणजे ब्रेकचा भरवसा नाही. मी पुढच्या ट्रकच्या पायरीवर दगड घेऊन उभा. गाडी थांबली की उडी मारायची आणि चाकाखाली दगड टाकायचा. दगड चुकला तर दोन्ही ट्रक खाली, आणि मधे मी.

दुसऱ्या गिअरात ठोका सुरू झाला. ठण्. ठण्. ठण्. कानाच्या आधी तळपायाला कळला.

"काका, आयकू येते का?"

"पंधरा दिस झाले आयकून राह्यलो बे. मुनीमाले सांगतलं त म्हणे, बहाणे नको करू."

काकानं पहिला गिअर टाकला. वरच्या गिअरात ओढलं तरी इंजिन ठोकतं, म्हणून. ठोका गेला नाही, उलट इंजिनाबरोबर जलद झाला. मग गाडी थांबवली, मी दगड लावला, काकानं न्यूट्रलमध्ये रेस दिली. आवाज जवळजवळ गायब. म्हणजे ठोका भाराचा. जॉइंटचा असता तर चाकाच्या चालीनं वाजला असता. सायलेन्सरचं पॅकिंग फुटलं असतं तर तिथं काजळी दिसली असती. काजळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं ट्रक सपाट रस्त्यावर रिकामा फिरवून आणला. म्हणे, कुठं हाय आवाज? मुनीम हसला. मी म्हटलं, मिस्त्रीभाऊ, भार टाकून पाहा ना. मुनीम म्हणाला, तू गाठी उचल.

पण मिस्त्री इमानी माणूस. गाठी भरून घाटात गेला. परतला तेव्हा बोलत नव्हता. ट्रक उभा करून लांब स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला टेकवला, मूठ कानाशी धरली. बारीक ठोका होताच. मग नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले केले. चौथा ढिला झाला आणि ठोका पडला. चौथं नोझल दुसऱ्यात, दुसरं चौथ्यात घातलं. ठोका चौथ्यातच राहिला. म्हणजे दोष नोझलचा नाही, खालचा. चेंबर उघडलं. चौथ्या कनेक्टिंग रॉडचं बेरिंग झिजून तांबं दिसत होतं. चढावर डिझेल जास्त जळतं, पिस्टनवर दाब जास्त येतो, आणि झिजलेली जागा ठोकते. आणखी काही फेऱ्या झाल्या असत्या तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर. घाटात, टोचनवर.

(ही नट ढिले करायची रीत जुन्या पंपाच्या इंजिनाची. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत पाइपातला दाब हजार बारच्या वर जातो. तिथं नटाला हात लावू नका. डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.)

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणखात्यात घेत नसत. तुटला धागा जोडताना तोंड लावावं लागे, म्हणून. गिरणी चालूच होती, भोंगा वेळेवर होत होता, सपाटीवर सगळं ठीक होतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो ठोका ऐकवला. ज्याच्यावर भार नाही त्याला आवाज येत नाही. आणि ज्याला येतो त्याला म्हणतात, बहाणे करतो.

मुनीमानं बेरिंगचे पैसे दिले. काकाला बहाणेबाज म्हटलं होतं, ते मात्र परत घेतलं नाही.