थोडीशीच भूल

‘डॉक्टर, पूर्ण भूल नको, थोडीशीच द्या.’ कॉस्मेटिक सर्जरीला येणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी जायचं. मग भूलही बेताची असावी, असा साधा हिशेब. भूलतज्ज्ञाचा हिशेब जरा वेगळा असतो. अपेंडिक्स फुटलेल्या माणसाला थोडा धोका पत्करावाच लागतो. इथे समोरचा माणूस धडधाकट असतो आणि सर्जरी पुढच्या वर्षी केली तरी काही बिघडत नाही. म्हणून इथे धोक्याला सबब नसते.

पापण्यांची सर्जरी, केसांचं रोपण ही कामं जागा बधिर करून छान होतात. बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमध्ये अ‍ॅड्रेनलिन मिसळलं की रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि बधिरपणा जास्त वेळ टिकतो. हे मिश्रण आम्लधर्मी असल्याने टोचताना झोंबतं. त्यात थोडं सोडिअम बायकार्बोनेट घातलं आणि बारीक सुईने सावकाश दिलं, तर पेशंट कुरकुरत नाही. नाकाच्या हाडाला हात घालायचा असेल, तर मात्र मी पूर्ण भूल आणि श्वासनलिकेत नळी यांचाच आग्रह धरतो. घशात उतरणारं रक्त फुप्फुसात जाता कामा नये.

जागेवरची भूल म्हणजे बिनधोक, असंही नाही. कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये लायपोसक्शनची ट्युमेसंट पद्धत मांडली. सलाइनमध्ये अगदी पातळ केलेलं लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनलिन चरबीत भरपूर भरायचं. एरवी अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम. १९९० मध्ये क्लाइन यांनी ट्युमेसंटसाठी ३५ पर्यंत चालतं असं दाखवलं. साठ किलोच्या बाईसाठी हे प्रमाण ४२० वरून २१०० मिलिग्रॅमवर जातं. ते चालतं, कारण चरबीतून औषध रक्तात फार हळू उतरतं. पण म्हणूनच रक्तातलं प्रमाण सुमारे बारा तासांनी सर्वांत जास्त होतं, म्हणजे पेशंट घरी झोपलेली असताना. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडाला धातूची चव अशी लक्षणं दिसली की तडक फोन करायचा, हे मी सोबतच्या माणसाकडून वदवूनच घेतो.

आणि ती ‘थोडीशी’ गुंगी? सगळ्यांत जास्त डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं ते तिथेच. पूर्ण भुलीत श्वासाचा मार्ग माझ्या ताब्यात असतो. गुंगीत तो तसा नसतो. गुंगीचं दुधासारखं पांढरं औषध प्रोपोफॉल जरा जास्त गेलं, की डुलक्या घेणाऱ्या पेशंटचा श्वास थांबतो. मिडाझोलाम किंवा फेंटानिल उलटवायला औषध आहे, प्रोपोफॉलला नाही. शिवाय नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल, तर श्वास थांबल्यावरही बोटावरचा ऑक्सिमीटर काही वेळ ९९ दाखवत राहतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफची रेघ मात्र लगेच सपाट होते. म्हणून माझी नजर त्या रेघेवर असते. सर्जरी चेहऱ्याची असेल तर आणखी एक भान ठेवावं लागतं. कापडाखाली ऑक्सिजन साठला आणि रक्तवाहिन्या जाळून बंद करणाऱ्या कॉटरीची ठिणगी पडली, तर आग लागू शकते. सर्जनने ‘कॉटरी’ म्हटलं की मी आधी ऑक्सिजन कमी करतो.

तेव्हा पॅकेजचा दर विचारताना दोन प्रश्न जास्त विचारा. माझ्या श्वासाकडे कोण बघणार आहे, आणि तो माणूस त्या वेळी दुसरं काही करणार नाही ना? वजन कमी करायचं इंजेक्शन घेत असाल तर आधीच सांगा; त्याने पोट हळू रिकामं होतं आणि नेहमीचा सहा-आठ तासांचा उपास पुरेलच असं नाही. गुंगी किंवा पूर्ण भूल घेतल्यावर चोवीस तास गाडी चालवू नका, कुठल्या कागदावर सही करू नका आणि घरी न्यायला माणूस आणा. माणूस नसेल, तर तारीख पुढे ढकला.