वाक्याची शेपटी

आमच्या नगरला (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच!) नळाला पाणी आलं, की एकाच गल्लीत चार भाषांतून हाका ऐकू येतात. समोर मारवाडी कुटुंब, पलीकडे सिंधी, मागच्या आळीत दखनी बोलणारी मंडळी, आणि आमच्यासारखी पद्मशाली घरं. आमची वडीलधारी माणसं तेलंगणातून हातमागाच्या आधाराने इकडे आली. माग गेले, पण घरातली तेलुगू राहिली. आम्ही बाजारात मराठी, शाळेत मराठी, आणि उंबऱ्याच्या आत तेलुगू बोलतो.

मोठ्या माणसांना याचं काही वाटत नाही. खरी कसोटी लागते ती पहिलीत गेलेल्या मुलांची. आमची धाकटी शाळेत जाऊ लागली आणि तिची मराठी वाक्यं ऐकून वर्गात हशा पिकू लागला. ‘ताई आलं’, ‘मी भाकरी खाल्लो’, असं ती बिनधास्त बोलायची. बाईंनी बोलावून सांगितलं, “घरात तेलुगू बंद करा, म्हणजे मराठी सुधारेल.” बाई मनाने चांगल्या होत्या, पण वर्गात पन्नास मुलं. एकेकीच्या घरची भाषा त्या कुठे बघत बसणार? हे म्हणाले, “महिनाभर करून तर पाहू.”

पण घरात सासूबाई होत्या. आम्ही त्यांना अत्तम्मा म्हणतो. सगळं आयुष्य सुपात पानं घेऊन विड्या वळण्यात गेलेलं. मराठी येते ती भाजीवालीपुरती आणि कारखान्यापुरती. नात जवळ गेली की त्या काहीतरी बोलायला तोंड उघडत, मग माझ्याकडे बघून गप्प बसत आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. रात्रीच्या गोष्टी बंद झाल्या. आठ दिवसांत पोरगी आजीकडे जायचीच थांबली. मराठी मात्र होती तिथेच. मला ते सहन होईना. मी ह्यांना सांगितलं, “भाषा बंद करायची नाही. पोरीचं कुठे अडतंय ते आधी बघू.”

मग मी तिच्या चुका एका जुन्या वहीत मांडल्या. आणि बायांनो, काय सांगू, त्या चुका नव्हत्याच. तेलुगूचा हिशेब ती मराठीत करत होती! आमच्या बोलीत ‘अम्मा वच्चिंदी’ म्हणजे आई आली, आणि ‘बंडी वच्चिंदी’ म्हणजे गाडी आली. बाईमाणूस आणि निर्जीव वस्तू, दोघींची शेपटी एकच. पुरुषाची तेवढी वेगळी: ‘नान्ना वच्चिंडु’. मराठीत मात्र आला, आली, आलं अशा तीन शेपट्या. मग पोरीने ‘ताई आलं’ म्हटलं तर नवल काय?

भाकरीचंही तसंच. ‘नेनु अन्नम तिन्ना’, ‘नेनु रोट्टे तिन्ना’. तेलुगूत काहीही खा, ‘तिन्ना’ बदलत नाही. मराठीत मात्र खाणाऱ्याला कोणी विचारत नाही, खाल्लेल्या वस्तूकडे बघावं लागतं: भात खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं. (सोलापूर-कोल्हापूरकडे पुष्कळ मराठी माणसंही ‘भाकरी खाल्लो’ म्हणतात, ती तिकडची बोली. परीक्षेच्या पेपरात मात्र चालत नाही.)

दुखणं कळलं की औषध सापडतं. आमचं औषध म्हणजे खेळ. रोज दहा-पंधरा मिनिटं, तेही कामं करता करता.

पहिला खेळ शेपटीचा. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या. तीन रिकाम्या डब्यांवर तो, ती, ते अशी नावं चिकटवली. भांडी लावताना पोरीने एकेक भांडं उचलायचं आणि वाक्य म्हणायचं: चमचा पडला, वाटी पडली, ताट पडलं. मग त्या भांड्याच्या नावाची चिठ्ठी ज्या त्या डब्यात. चुकलं तर ‘चूक’ म्हणायचं नाही, आपण नीट वाक्यात विचारायचं. ती म्हणाली, “मी भाकरी खाल्लो,” की मी म्हणायची, “अगबाई, भाकरी खाल्लीस? कशाबरोबर खाल्लीस?” दोनदा कानावर पडलं की तिसऱ्यांदा जिभेवर येतं.

दुसरा खेळ आगगाडीचा. दौंड-मनमाडची गाडी आमच्या मुलांच्या ओळखीची. काड्यापेटीच्या डब्यांवर शब्द चिकटवून गाडी करायची. पुढे इंजिन, म्हणजे काम करणारा. शेवटी गार्डचा डबा, म्हणजे काम. ‘राजू आंबा खातो.’ तेलुगूतही गार्ड शेवटीच: ‘राजु मामिडि पंडु तिंटडु.’ इंग्रजीत मात्र गार्ड उठून इंजिनाशेजारी जाऊन बसतो: ‘राजू ईट्स अ मँगो.’ हे बघून पोरं खो खो हसतात. थोरला इंग्रजीत ‘राजू मँगो ईट्स’ लिहायचा. डबे हाताने हलवल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तिसरा खेळ वाक्य वाढवण्याचा. एकाने म्हणायचं, ‘गाडी आली.’ दुसऱ्याने एकच शब्द घालायचा, ‘दौंडची गाडी आली.’ तिसऱ्याने, ‘दौंडची गाडी उशिरा आली.’ ज्याला पुढे सुचणार नाही त्याने शेंगा सोलायच्या. हा खेळ आम्ही मुद्दाम अत्तम्मांजवळ बसून खेळलो. त्या तेलुगूत शब्द घालायच्या, नात तोच मराठीत म्हणायची. म्हणजे वाक्य एक आणि तोंडं दोन! नातीला आजीचा शब्द मराठीत नेमका कुठे बसवायचा हे शोधावं लागे, आणि मराठी नेमकी तिथेच पक्की झाली.

एका बाबतीत तर तेलुगूच मदतीला आली. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे. ‘आपण जत्रेला जाऊ’ म्हणजे तूही चल. ‘आम्ही जत्रेला जाऊ’ म्हणजे तू घरी राहा! हिंदीत दोन्हीला ‘हम’, इंग्रजीत दोन्हीला ‘वी’. पण तेलुगूत ‘मनम’ आणि ‘मेमु’ वेगवेगळे. त्यामुळे आमच्या धाकटीला हे शिकवावंच लागलं नाही. समोरच्या घरातली मुलगी भेळ खाताना म्हणाली, “आपण भेळ खाल्ली, तुला नाही दिली,” तेव्हा हिनेच तिला सुधारलं, “आपण नाही, आम्ही म्हण!”

ज्यांच्या घरी हिंदी, मारवाडी किंवा दखनी आहे, त्यांच्या मुलांचं वेगळ्या ठिकाणी अडतं. तिथे दोनच लिंगं, म्हणून मराठीतलं नपुंसकलिंग निसटतं. ‘पानी आया’ वरून ‘पाणी आला’, ‘पुस्तक मिली’ वरून ‘पुस्तक मिळाली’. त्यांनी ‘ते’ च्या डब्यावर जास्त जोर द्यावा. गुजरातीत मात्र तिन्ही लिंगं आहेत, त्या मुलांना हा खेळ सोपा जाईल.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्याच शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं, त्यामुळे घरी दुसरी भाषा असलेल्या पुष्कळ आयांना हा प्रश्न पडत असेल. त्यांना दोन गोष्टी सांगते. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलायला लागतं, हा समज खरा नाही. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणं हेही दुखणं नव्हे. मात्र मूल दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नसेल (दोन्ही भाषांचे मिळून मोजा), तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा आणि कान तपासून घ्या. दोष मात्र आजीच्या भाषेला देऊ नका.

दिवाळीनंतर मी ती वही बाईंना दाखवली. त्यांनी शांतपणे सगळी पानं उलटली आणि म्हणाल्या, “हे तीन डबे वर्गात आणाल का?” हे तर आता स्वतःच तेलुगूतून शब्द पुरवतात. धाकटी अजून कधी घाईत ‘खाल्लो’ म्हणते, पण मग स्वतःच हसून शेपटी बदलते. आणि रात्री अत्तम्मांच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या आहेत. गोष्ट तेलुगूत, मधले प्रश्न मराठीत!

तुमच्याही घरी दोन भाषा नांदत असतील, तर आज भांडी लावताना एवढंच करून बघा: ताट, वाटी, चमचा. आणि तुमच्या घरचे खेळ आम्हालाही जरूर कळवा.