सात की साडेसात?

समजा, चेन्नईतील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संशोधनासाठी आलेल्या एका मराठी विद्यार्थिनीच्या हाती एक जुनी स्क्रिप्ट आली. अड्यार नदीच्या खोऱ्यातील पर्जन्यमापकांच्या नोंदी वाचून रोजची सरासरी काढणारी, पायथन २ मध्ये लिहिलेली, जेमतेम दोनशे ओळींची. प्रयोगशाळेतला एक संगणक अजून जुन्याच आवृत्तीवर चालतो, बाकीच्यांवर पायथन ३ आहे. स्क्रिप्ट दोन्हीकडे चालली पाहिजे.

पायथन ३ ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली, तीच मुळी जुन्या आवृत्तीशी जाणूनबुजून फारकत घेऊन. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. मधल्या काळात दोन्हींना सांधणारी साधने निघाली. त्यांतल्या एकाचे नाव ‘सिक्स’. दोन गुणिले तीन, म्हणून सहा!

नव्या आवृत्तीत पहिली ठेच ‘प्रिंट’पाशी लागते. जुन्या पद्धतीने, कंसाविना लिहिलेली प्रिंटची ओळ पायथन ३ ला मुळीच चालत नाही. स्क्रिप्ट सुरूच होत नाही. हा दोष सज्जन म्हणावा, कारण तो स्वतःहून समोर येतो. खरी भीती भागाकाराची आहे. दोन पर्जन्यमापकांवर ७ आणि ८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. बेरीज १५, भागिले २. पायथन ३ साडेसात सांगते. पायथन २ मात्र पूर्णांकाला पूर्णांकाने भागताना अपूर्णांक टाकून देते आणि ७ सांगते. कोणतीही तक्रार नाही, कोणतीही सूचना नाही.

शिवाय ही चूक एकाच दिशेची आहे. पाऊस काही उणे पडत नाही, त्यामुळे टाकलेला अपूर्णांक सरासरीला नेहमी खालीच ओढतो. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यारचा पूर पाहिलेल्या शहरात पाऊस सातत्याने कमी दाखवणारा आकडा निरुपद्रवी नव्हे.

येथे सुसंगतता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उभा राहतो. ‘//’ हे चिन्ह वापरले तर दोन्ही आवृत्त्या ७ सांगतील आणि प्रसिद्ध झालेल्या निबंधाशी आकडे जुळतील. २००१ सालच्या २.२ आवृत्तीपासून उपलब्ध असलेला ‘फ्युचर’मधला नवा भागाकार मागवला तर दोन्हीकडे साडेसात येईल, पण निबंध चुकीचा ठरेल. ‘टू-टू-थ्री’ हे रूपांतराचे साधन या चिन्हाला हात लावत नाही. लेखकाच्या मनात कोणता भागाकार होता, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

गिंडीजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी १८०२ साली विल्यम लॅम्बटनने सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा मोजली, तेव्हा मोजणीची साखळी ताडून पाहण्यासाठी दुसरी साखळी राखून ठेवलेली होती. जुन्या संगणकावरचे जुने उत्तर ही विद्यार्थिनीची राखीव साखळी. ते आधी फाइलमध्ये जपायचे. मग ‘//’ घालून दोन्ही आवृत्त्यांत तेच उत्तर, शेवटच्या अंकापर्यंत, मिळवायचे आणि तो बदल तारखेसह नोंदवायचा. भागाकाराची दुरुस्ती त्यानंतर, वेगळ्या नोंदीत. दोन्ही एकाच दिवशी केले, तर आकडा भाषेमुळे बदलला की दुरुस्तीमुळे, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

तिसरी नोंद मार्गदर्शकांना लिहायच्या पत्राची. ते कोणतेही साधन लिहून देत नाही.