दीड इंचाचा हिशेब

बार्शीच्या पेठेतील भुसार मालाचे दुकान थोरल्या मुलाच्या हाती सोपवून अण्णा इंग्लंडला धाकट्याकडे गेले, तेव्हा घरी सर्वांना सांगितलेले कारण हवापालट हे होते. खरे कारण दुकानाचा ओटा होते.

हा ओटा अण्णांच्या वडिलांनी बांधला होता. एका पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी दुकानात शिरले, तुरीची पोती खालून भिजली आणि त्या वर्षीचा नफा पाण्याबरोबर वाहून गेला. पुढच्याच उन्हाळ्यात तीन दगडी पायऱ्यांचा उंच ओटा उभा राहिला. आता थोरल्याचे म्हणणे असे की, गुडघे दुखणारी म्हातारी माणसे पायऱ्या चढत नाहीत, समोरच्या नव्या दुकानात जातात. ओटा उतरवून दुकान रस्त्याच्या पातळीला आणावे. "तुम्ही हो म्हणाल तेव्हाच हात लावीन," असेही तो म्हणाला होता. पण अण्णांच्या मनाला ते लागले. वडिलांनी केलेली गोष्ट चूक होती असे मुलगा सुचवतो आहे, एवढेच त्यांना त्यातून ऐकू आले.

धाकटा बर्मिंगहॅमजवळ राहतो. त्याच्या गॅरेजमध्ये एक जुनी, दोन आसनी, उघड्या टपाची मोटार होती. एमजीबी, १९७५ सालची. एमजी ही अक्षरे आज आपल्याकडच्या रस्त्यांवर सर्रास दिसतात. त्या गाड्या गुजरातमधील हालोलला तयार होतात. मूळची एमजी मात्र ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या पेढीतून जन्मली आणि एमजीबीचा कारखाना जवळच्याच अ‍ॅबिंग्डन गावी होता. १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत तिथून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका.

"या सुट्टीत गाडी दीड इंच खाली घेणार आहे," धाकटा म्हणाला.

"खाली म्हणजे? आपल्याकडे लोक गतिरोधकाच्या भीतीने गाडी वर घेतात."

"ही मुळात खालीच होती, अण्णा. कंपनीनेच वर उचलली आणि तिची चाल बिघडवली."

मग त्याने सगळी हकीकत सांगितली. सत्तरच्या दशकात अमेरिकेने नियम केला की, ताशी पाच मैलांच्या धडकेत मोटारीच्या दिव्यांना वा अन्य महत्त्वाच्या भागांना इजा होता कामा नये. एका मोटारीचा बंपर दुसरीच्या बंपरलाच भिडावा म्हणून चाचणीची उंचीही ठरली, जमिनीपासून १६ ते २० इंच. एमजीबी होती बुटकी. तिचा पुढचा भाग नव्याने आखायचा तर पैसा हवा होता, आणि मालक असलेली ब्रिटिश लेलँड कंपनी तेव्हा इतकी डबघाईला आली होती की, १९७५ मध्ये ती सरकारला आपल्याकडे घ्यावी लागली. तेव्हा स्वस्तातला उपाय झाला. १९७४ च्या उत्तरार्धात चकचकीत पोलादी बंपर गेले, आत जड पोलाद असलेले काळे रबरी बंपर आले आणि सबंध गाडीच एक ते दीड इंच वर उचलली गेली. इंग्लंडात विकायच्या गाड्यांनाही तेच लागू झाले. गाडीचा भार वर गेला, रुंदी तेवढीच राहिली, आणि वळणावर ती झुकू लागली.

अण्णांनी विचारले, "म्हणजे ज्यांनी उचलली ते मूर्ख होते?"

"तसे नाही." धाकटा जरा थांबला. "ते अडचणीत होते."

पहिल्या दिवशी दोघांनी फक्त मोजमाप केले. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांवर घेतले. जमिनीपासून मोजले तर टायरमधील हवेचा फरक आकड्यात शिरतो, म्हणून चाकाच्या मध्यापासून. अण्णांनी आकडे वहीत उतरवले. चालकाच्या बाजूला गाडी पाव इंच बसलेली निघाली. "वर्षानुवर्षे एकच माणूस एकाच जागी बसतो, तराजू झुकणारच," ते म्हणाले. ताळेबंद जुळवताना दिसणारे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच दिसले.

मार्ग अनेक होते. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पुढच्या स्प्रिंगचे एखादे वेटोळे कापून टाकणे. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि उरलेली स्प्रिंग अधिक ताठर होते. ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवणारेही असतात. त्यात पोलादाचे पाणीच उतरते. धाकट्याने आखूड, योग्य मापाच्या नव्या स्प्रिंगा आणल्या होत्या. मागे मात्र मालमोटारीसारखे पाटे होते, आणि ते पाहताच अण्णा खाली वाकले. पाट्यांवर आयुष्यभर माल वाहिलेला माणूस तो. अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसलेला. दोहोंच्या मधे दीड इंचाचा ठोकळा घालून लांब यू-बोल्टांनी आवळले की, गाडीचे धूड तेवढे खाली येते.

"आणि हे?" अ‍ॅक्सलच्या वर, गाडीच्या तळाला लावलेल्या रबरी गुटख्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले. मोठ्या खड्ड्यात अ‍ॅक्सल वर उसळला की, तो या रबरावर आदळून थांबतो. "दीड इंच इथूनही कमी होणार की."

"होणार."

"म्हणजे उंची गेली तेवढी खड्डा सोसायची ताकदही गेली. वहीत दोन्ही बाजूंना लिही. दोघे बसायचे, सामान बेताचे."

पुढचे काम जोखमीचे होते. दाबून बसवलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. धाकट्याने गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर घेतली, स्प्रिंगखालच्या तबकाचे बोल्ट एकेक काढून त्या जागी लांब आट्यांचे गज घातले आणि ते आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सैल करत गेला. अण्णा बॅटरी धरून उभे होते. तासभर कोणी बोलले नाही. बारा वर्षांपूर्वी धाकट्याने पेढीवर बसायला नकार दिला, त्यानंतर दोघे एकाच कामाला एवढा वेळ कधी लागले नव्हते.

आणखी एक गोष्ट उघडकीस आली. १९७५ सालच्या गाड्यांतून कंपनीने खर्च वाचवण्यासाठी पुढचा एक दांडाही काढून टाकला होता. वळणावर गाडीला झुकू न देणारा तो दांडा. १९७७ मध्ये तो परत आला आणि मागेही एक देण्यात आला. "मग सगळा दोष उंचीच्या माथी का मारतोस?" अण्णा म्हणाले. "अर्धा या काटकसरीचा आहे." धाकट्याने हसून दांडाही मागवला.

शेवटचे बोल्ट आवळताना धाकट्याने गाडी आधी चाकांवर उतरवली. अधांतरी असतानाच सांध्यांची रबरे आवळली तर गाडी खाली येताच ती पिळवटतात आणि लवकर फाटतात. भार अंगावर आल्यावरच शेवटची आवळणी करायची. अण्णांनी हे दोनदा विचारून घेतले.

मग पन्नास मैल फिरून गाडी बसू दिली, पुन्हा मोजमाप झाले, चाकांची दिशा जुळवून आणली, आणि गाडीत फेरफार केल्याचे विमा कंपनीला रीतसर कळवले. गाडी वळणावर आता जमिनीला धरून चालत होती. पण घराजवळच्या गतिरोधकावर सायलेन्सर खर्रकन घासला. धाकट्याने ओशाळून पाहिले. अण्णा म्हणाले, "हे वहीत लिहिले नव्हते आपण."

त्याच प्रवासात धाकट्याने सांगितले की, ज्या नियमापायी हे घडले, तो अमेरिकेने १९८२ मध्ये बराच सैल केला. पाच मैलांचे अडीच मैल झाले. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना मात्र ऑक्टोबर १९८० मध्येच बंद पडला होता. अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. वडिलांनी ओटा बांधला तेव्हा पेठेत गटार नव्हते. आता आहे. वडील बरोबर होते, आणि त्यांचे कारण संपलेले असू शकते. ही दोन वाक्ये एका मनात सुखाने राहू शकतात, हे त्यांना इतके दिवस सुचले नव्हते.

रात्री त्यांनी बार्शीला फोन लावला. हवापाण्याची चौकशी केली नाही.

"ओटा उतरवायचा तर उतरव. पण आधी गटाराची पातळी मोज. रस्त्यावर पुन्हा डांबराचे थर चढणार, ते धरून मोज. एक पायरी राहू दे. बाजूने हातगाडीला उतार कर. आणि माल जमिनीला टेकायचा नाही, पोत्यांखाली लाकडी फळ्या हव्यात. उंचीने जे सांभाळले होते, ते आता आपल्याला सांभाळायचे आहे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग थोरला म्हणाला, "अण्णा, तुम्ही आल्यावरच पहिली पहार मारू."

"येतो. तोवर मोजमाप वहीत लिहून ठेव," अण्णा म्हणाले, "आणि दगड फेकू नकोस. पायरीला ते आजोबांचेच वापरू."