ससाण्याचे वजन

‘ससाणा’ या शब्दात ससा लपलेला आहे, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. संस्कृतात या पक्ष्याचे एक नाव ‘शशादन’ असे आहे. शश म्हणजे ससा आणि अदन म्हणजे भक्षण. खाणाऱ्याला नाव मिळाले ते त्याच्या भक्ष्यावरून! गुरुविद्यालयात आम्ही लॅटिन घोकले आणि संस्कृत ऐच्छिक म्हणून सोडून दिले, त्याचा पश्चात्ताप अशा वेळी होतो. मोशेच्या नियमशास्त्राने तर या दोघांनाही लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात एकाच यादीत बसवले आहे. ससा अशुद्ध आणि ससाणाही अशुद्ध. माळावर त्या दोघांचे काय चालते याच्याशी त्या यादीला काही देणेघेणे नाही.

पंढरपुराच्या भोवती भीमेचे पाणी जिथवर पोचत नाही, तिथे मंगळवेढा आणि सांगोल्याच्या बाजूला असे माळ अजून शिल्लक आहेत. कुसळी गवत, मुरूम, मधूनच एखादी बाभळ. इथला ससा बीळ करीत नाही. गवताच्या बुडाशी अंगापुरता खळगा करून तो दिवसभर त्यात निपचित बसतो, आणि आपला पाय अगदी जवळ पडेपर्यंत हलत नाही. वर आभाळात मोरघार फिरत असते. या मुलखात ससाण्यांना शिकवून शिकार करण्याची विद्या नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘श्येनविनोद’ असा एक स्वतंत्र विषय आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. सोलापूरचा हा प्रदेश त्या काळी त्याच राजवटीत होता. पुढे सुलतानांच्या दरबारी बाज, बहिरी, शिकरा हे शब्द रुळले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हळूहळू हे सारे बंद झाले, आणि ते बंद झाले हे बरेच झाले असे आमचे मत आहे.

परंतु ही विद्या डोळ्यांनी पाहण्याचा योग आम्हाला आला तो मात्र सातासमुद्रांपलीकडे. गुरुविद्यालयातील आमचे एक सहाध्यायी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात धर्मसेवा करतात. २०१६च्या जानेवारीत आम्ही त्यांच्याकडे पंधरा दिवस राहिलो. त्यांच्या धर्मग्रामातील एक सुतारकाम करणारे गृहस्थ लाल शेपटीचा ससाणा बाळगून होते. शास्त्रकाट्यावर तो ससाणा नव्हे, आपल्या माळावरच्या तिशाचा तो दूरचा भाऊबंद. पण व्यवहारात त्याला ससाणा म्हणायला हरकत नाही. ती मादी होती. या पक्ष्यांत मादी नराहून मोठी असते. आदल्या शरद ऋतूत, जन्माच्या पहिल्याच वर्षी, त्यांनी तिला परवाना घेऊन रानातून पकडले होते. तिकडे नवशिक्याला दोन वर्षे जाणत्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते, मगच सरकार त्याला पुढची परवानगी देते. आमच्या नवदीक्षितांची उमेदवारी आठवून आम्हाला हसू आले.

शिकारीला निघण्यापूर्वी त्या गृहस्थांनी तिला एका छोट्या तराजूवर बसवले. बाराशे ग्रॅमच्या आसपास काटा थांबला. त्यांनी वहीत आकडा लिहिला. रोज लिहीत असत. आम्ही कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले की सारी विद्या या वहीतच आहे. वजन थोडे वाढले तर ती झाडावर जाऊन बसेल आणि आमच्या शिट्टीकडे ढुंकूनही पाहणार नाही. थोडे अधिक उतरले तर अंगात बळ राहणार नाही, तीही हानीच. तिची भूक नेमकी हवी. “तिचा तुमच्यावर जीव असेल,” आम्ही म्हणालो. त्यांनी मान हलवली. कुत्र्याचा जीव जडतो, ससाण्याचा जडत नाही, असे त्यांचे उत्तर होते. ती परत येते ती हातमोज्यावर मांस असते म्हणून. पायातले चामड्याचे पट्टे हातावर बसेपर्यंतच, एकदा उडाली की कसलीही दोरी नाही. दरवेळी ती कायमची जाऊ शकते, हे जाणूनच तिला सोडायचे.

आम्ही काठ्यांनी झुडपे झोडपीत चाललो आणि ती डोक्यावरच्या फांद्यांवरून आमच्याबरोबर सरकत राहिली. इथे एक कबुली द्यावयास हवी. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना शिकार आणि पक्षीपारध करण्यास मनाई केली होती, त्यासाठी कुत्रे वा पक्षी बाळगण्यासही. १९१७च्या धर्मसंहितेतही शिकारीविषयी ताकीद होती. १९८३च्या संहितेत शिकारीचे नाव घेतलेले नाही, आणि आमच्या हाती केवळ काठी होती. एवढ्या आधारावर आम्ही मनाची समजूत घातली. एक ससा उठला, वळणे घेत धावला. ती दगडासारखी खाली आली. ओरडण्याचा एक बारीक आवाज झाला आणि थांबला. त्यांनी धावत जाऊन सशाला तत्काळ यातनामुक्त केले आणि तिला तिचा वाटा दिला.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. सशाच्या आवाजाने नव्हे. तराजू आणि वही यांनी.

२००३च्या दुष्काळात आम्ही नवखे धर्मगुरू म्हणून याच सोलापूर जिल्ह्यात होतो. जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या, विहिरींचे तळ दिसत होते. काही उदार मंडळींनी धान्य पाठविले. ते वाटण्यासाठी आम्ही एक तराजू आणला आणि एक वही घातली. वाटप रविवारी, मिस्सा आटोपल्यावर. ही कल्पना सर्वस्वी आमची होती. कोणी वरिष्ठांनी ती सांगितली नव्हती. जो मिस्साला येईल त्याच्या नावापुढे खूण, आणि खूण असेल त्याला धान्य. चर्चमध्ये उभे राहायला जागा उरेना. आम्ही महागुरूंना आनंदाने पत्र लिहिले.

पुढे पाऊस बरा झाला, धान्य थांबले, आणि चार-सहा रविवारांत अर्धे बाक रिकामे झाले. आम्ही दुखावलो. एका रविवारी प्रवचनात आमचा तोल गेला. भाकरी संपली की तुमचा देवही संपतो काय, असे आम्ही वेदीपासून विचारले. गंमत अशी की जे निघून गेले होते ते ऐकायला नव्हतेच. जे आले होते त्यांनाच ते ऐकावे लागले. मागच्या बाकावरचे एक वृद्ध पारधी गृहस्थ उठले, चपला हातात घेतल्या आणि निघून गेले. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. ते पुन्हा आले नाहीत.

योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आम्ही शेकडो वेळा वाचला आहे, शिकविलाही आहे. प्रभूने प्रथम लोकांना जेवू घातले. ते भाकरीसाठीच आपल्यामागे आले, हे त्याने त्यांना तोंडावर सांगितले, हे खरे. परंतु पुष्कळ जण सोडून गेले तेव्हा त्याने कोणाला अडविले नाही. उरलेल्या बारांनाही तुम्ही जाता काय असे विचारले. जेवण्यापूर्वी नावे लिहून घेतल्याचा उल्लेख कुठेही नाही. आणि शुभवर्तमानापर्यंत तरी कशाला जावे? आषाढीला पंढरपुरात गल्लीगल्लीत पंगती उठतात. वाढणारा विचारीत नाही की दर्शन झाले का. आम्ही ते डोळ्यांनी पाहत होतो आणि रविवारी आमची वही उघडत होतो.

संत फ्रान्सिस असिसीकरांच्या चरित्रात ससाही आहे आणि ससाणाही. ग्रेच्यो येथे फाशात सापडलेला ससा त्यांनी सोडून दिला, तर तो पुनःपुन्हा त्यांच्याच मांडीवर येऊन बसू लागला. शेवटी त्याला रानात नेऊन सोडावा लागला. ला व्हेर्ना डोंगरावर एक रानटी ससाणा प्रार्थनेच्या वेळी त्यांना हाक देऊन उठवीत असे, आणि ते आजारी असले तर मुद्दाम उशिरा हाक देई. ना पट्टा, ना मांसाचा तुकडा. संतचरित्रे अतिशयोक्त असतात हे आम्हीही शिकलो आहोत. तरी या दोन गोष्टी आम्हाला आता पूर्वीसारख्या गोड वाटत नाहीत, थोड्या टोचतात.

अमेरिकेहून परतल्यावर आम्ही आबांचा शोध घेतला. ते मंगळवेढ्याच्या बाजूला एका वस्तीवर मुलाच्या खोपटात राहत होते. दृष्टी अधू झाली होती, आवाजावरून त्यांनी आम्हाला ओळखले. क्षमा मागावयाची असे ठरवून गेलो होतो. प्रवचने देणाऱ्याला क्षमा मागताना शब्द सुचत नाहीत. आबांनीच आम्हाला त्या संकटातून सोडविले.

“रागानं न्हाई गेलो, फादर. आमच्या बापानं हजेरी दिली, सांजसकाळ. न्हाई गेला तर धरून न्यायचे. त्यो मला सांगायचा. तुमची वही बघितली की मला बाप आठवायचा. पोटात भूक हुती तवर येत हुतो.”

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांत फासेपारधीही गोवले गेले. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड त्यांची सेटलमेंट होती. १९५२ साली त्यांना विमुक्त म्हटले गेले. हे सारे आम्हाला ठाऊक होते. परीक्षेत लिहिलेही असते. वही घालताना मात्र एकदाही आठवले नाही.

खोपटाच्या आढ्याला जुनी वागूर टांगलेली होती, सशाची. कित्येक वर्षांत ती उतरविलेली नव्हती. कायद्याला भिऊन, आणि आता डोळेही नव्हते. मोडीत घालावी असे सून म्हणते, ते म्हणाले, पण गाठी बापाच्या हातच्या आहेत.

ऊन कलल्यावर ते आम्हाला माळावर घेऊन गेले. आमच्या मनगटाला धरून हळूहळू चालत होते. एका जागी थांबले आणि बोटाने गवत दाखविले. आम्हाला काही दिसेना. “बसलाय,” ते म्हणाले. ते कसे ओळखले, त्यांनी सांगितले नाही. आम्ही एक पाऊल पुढे टाकले आणि दोन हातांवरून ससा उसळला, वळला, आणखी एकदा वळला आणि बाभळीपलीकडे दिसेनासा झाला. आबा मोठ्याने हसले.

मिस्साच्या वेळेची चौकशी त्यांनी केली नाही आणि आम्हीही ती सांगितली नाही. निघताना नातवाने हुरड्याची कणसे भाजून आणली. आम्ही तिघांनी ती तिथेच, गोवऱ्यांच्या आरापाशी बसून, तळहातावर चोळून खाल्ली.